श्पायरला आधी खाली उतरावं

श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. छत ३३ मीटर उंचावर आहे, त्यामुळे ते साहजिकच. पण तिकडे निघालेल्या प्रत्येकाला मी सांगते, थोडा वेळ वर बघू नका. उजव्या हातानं सरळ पुढे जा, वेदीच्या अलीकडे एक दगडी जिना तळघरात जातो. तिकीट काढा आणि आधी खाली उतरा.

माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, पुलांच्या कामावर झाली. पूल बघायला आलेली माणसं कमानी बघतात, कठडे बघतात. आम्हाला घोर असतो तो पाण्याखालच्या पायव्यांचा. निवृत्तीनंतर लेकीकडे जर्मनीत राहायला गेले तेव्हाही ही नजर बरोबरच आली. लेक आणि जावई दोघंही वाल्डोर्फला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. वाल्डोर्फ, हायडेलबर्ग, मानहाइम या पट्ट्यात आता पुण्या-नाशिकची पुष्कळ मुलं नोकरीला असतात आणि उन्हाळ्यात त्यांचे आईवडील येऊन जातात. ही मंडळी हायडेलबर्गचा किल्ला पाहतात, कोलोनच्या जुळ्या मनोऱ्यांपुढे फोटो काढतात, कोणी स्वित्झर्लंड गाठतात. वाल्डोर्फपासून वीसेक किलोमीटरवरचं श्पायर मात्र अनेकांचं राहूनच जातं. मानहाइमहून लोकल गाडीनं अर्ध्या तासात पोचता येतं. हा लेख मुख्यतः त्या आईवडिलांसाठी आहे.

तर, तळघर. ते १०४१ साली पूर्ण होऊन धर्मविधीनं अर्पण झालं आणि आजही जवळपास तसंच आहे. वीस सुट्या खांबांवर बेचाळीस लहान कमानदार छतं पेललेली आहेत. उंची सात मीटरच्या आसपास, म्हणजे तळघर म्हणताना जी कोंदट खोली डोळ्यांपुढे येते तिचा इथे मागमूसही नाही. क्षेत्रफळ ८५० चौरस मीटर. खांब गोल, आखूड, जाडजूड. कमानींत लाल आणि पिवळसर वालुकाश्माचे चिरे आलटूनपालटून बसवलेले. नक्षी नाही, पानंफुलं नाहीत. खांबांच्या डोक्यावरचा दगड मात्र थांबून बघावा. वर कमानींचे पाय येऊन टेकतात, त्यांना चौकोनी बैठक लागते. खाली खांब गोल. म्हणून पाथरवटानं दगडाचा ठोकळा घेतला, त्याचे खालचे कोपरे गोल तासले आणि चौकोनाचं वर्तुळ करून दिलं. प्रश्न भार उतरवण्याचा होता. त्याचं उत्तर त्यानं नेमकं दिलं आणि तिथेच हात थांबवला. दगडावर छिन्नीच्या रेघा अजून दिसतात.

या कमानदार छतांची रचना समजून घेतली की वरचं सगळं कळतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. नुसतं अर्धगोल लांब छत घातलं की त्याचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर संपूर्ण लांबीभर येतो आणि भिंतींना बाहेर ढकलत राहतो. मग भिंती जाड कराव्या लागतात, खिडक्या लहान ठेवाव्या लागतात, आत अंधार होतो. पण अशी दोन अर्धगोल छतं काटकोनात एकमेकांतून आरपार नेली, तर जिथे ती छेदतात तिथे तिरक्या कडा तयार होतात आणि सगळा भार त्या कडांवरून चार कोपऱ्यांत उतरतो. कोपऱ्यांत खांब भक्कम असले की पुरे. मधली भिंत मोकळी झाली. श्पायरच्या गवंड्यांनी हे आधी तळघरात, सात मीटर उंचीवर करून पाहिलं. त्यांच्या नातवंडांच्या पिढीनं तेच ३३ मीटरवर नेलं.

आता हे एवढं अवाढव्य काम या जागी का? १०२४ साली कोनराड दुसरा जर्मनांचा राजा झाला, १०२७ मध्ये रोमला त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला. त्याचं सालियन घराणं या श्पायर-वोर्म्सच्या मुलखातलं. श्पायर तेव्हा ऱ्हाईनकाठचं लहानसं गाव होतं. तिथे आपलं आणि आपल्या वंशाचं दफनस्थान असावं, म्हणून त्यानं १०३० च्या सुमारास हे काम सुरू केलं. १०३९ मध्ये तो युट्रेक्टला वारला तेव्हा चर्च अर्धवट होतं. त्याचा देह इथे आणून त्या चालू बांधकामातच पुरला. मुलगा हाइनरिश तिसरा यानं काम पुढे नेलं, तोही १०५६ मध्ये गेला. १०६१ साली चर्च अर्पण झालं तेव्हा गादीवर नातू होता, हाइनरिश चौथा, वयानं अकरा वर्षांचाही नसलेला.

तळघरातूनच या थडग्यांकडे जाता येतं. आठ राजे आणि सम्राट इथे आहेत, शिवाय काही राण्या. १९०० साली थडगी शास्त्रशुद्ध पद्धतीनं उघडण्यात आली, तेव्हा कोनराडच्या कवटीवर तांब्याचा साधा मुकुट मिळाला. खरा सोन्याचा मुकुट पुढच्या राजाला लागतो, मृतासोबत तांब्याचा जातो. शांततेची नांगरणी करणारा आणि या नगराचं भलं करणारा, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर कोरलेले आहेत. राजासाठी नांगरणीची उपमा मला फार आवडली. शहरातल्या, फाल्ट्झ या प्रदेशाच्या ऐतिहासिक संग्रहालयात हा मुकुट आहे.

शेजारशेजारची दोन थडगी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १२९८ मध्ये नासाऊचा आडोल्फ आणि हाब्सबुर्गचा आल्ब्रेश्ट राजपदासाठी ग्योलहाइमच्या रणात समोरासमोर आले. आडोल्फ मारला गेला. आल्ब्रेश्ट राजा झाला आणि दहा वर्षांनी त्याच्या पुतण्यानं त्याचा खून केला. त्यानंतरच्या राजानं, हाइनरिश सातव्यानं, १३०९ साली दोघांचेही देह श्पायरला आणून दफन करवले. ज्याला मारलं आणि ज्यानं मारलं, दोघं एकाच ठिकाणी. मी तिथे बराच वेळ उभी होते. ज्या माणसाला हा निर्णय घ्यावासा वाटला, त्याच्याबद्दल मला आदर आहे.

आणि हाइनरिश चौथा. पोप सातव्या ग्रेगरीशी त्याचं भांडण जुंपलं, बिशप कोणी नेमायचे या हक्कावरून. १०७६ मध्ये पोपनं त्याला धर्मबहिष्कृत केलं. बहिष्कृत राजाशी घेतलेल्या निष्ठेच्या शपथा प्रजेवर बंधनकारक राहत नाहीत, म्हणजे राज्यच गेलं. तेव्हा तो ऐन हिवाळ्यात याच श्पायरमधून निघाला, बायको आणि लहानग्या मुलासह आल्प्स ओलांडला आणि जानेवारी १०७७ मध्ये इटलीतल्या कानोस्साच्या गढीपुढे तीन दिवस, अंगावर प्रायश्चित्ताची वस्त्रं घालून, पोपच्या क्षमेची वाट पाहत थांबला. क्षमा मिळाली. पुढे पुन्हा भांडण, पुन्हा बहिष्कार. शेवटी पोटच्या मुलानंच त्याला गादीवरून उतरवलं आणि ११०६ मध्ये तो बहिष्कृत अवस्थेतच वारला. देह श्पायरला आणला, पण चर्चच्या आत जागा मिळेना. उत्तरेकडे संत आफ्राच्या नावाचं एक छोटं चॅपल होतं, त्याचा अर्पणविधी अजून व्हायचा होता. तिथे त्याची शवपेटी पाच वर्षं राहिली. ११११ मध्ये बहिष्कार उठल्यावर तो आजोबांच्या शेजारी आला. ज्यानं या चर्चचा निम्मा भाग पाडून पुन्हा बांधला, त्याच्याच वाट्याला हे आलं.

पाडून पुन्हा का बांधलं, हे आता वर येऊन बघायचं. कोनराडच्या चर्चच्या मधल्या दालनावर लाकडी सपाट छत होतं. १०८० नंतर हाइनरिश चौथ्यानं ते काढून दगडी कमानदार छत घालायचं ठरवलं. सुमारे चौदा मीटर रुंदीवर, एवढ्या उंचीवर, लाकडी सेंटरिंग उभारून. असं धाडस तेव्हा युरोपात फार थोड्या ठिकाणी झालं होतं. पण जुन्या भिंती हलक्या छतासाठी बांधलेल्या होत्या. दालनात दोन्ही बाजूंचे खांब नीट मोजत चला. एक खांब साधा, दुसऱ्याला पुढून जाड जोड लावलेला, पुन्हा एक साधा, पुन्हा एक जोडाचा. हा जोड नव्या छतासाठी लावला. छताचे कोपरे जिथे उतरतात, तेवढेच खांब त्यांनी भक्कम केले. नऊशे वर्षांपूर्वीचा दुरुस्तीचा हिशेब भिंतीवर वाचता येतो. माझ्या शेजारी दहा वर्षांची नात होती. तिला ही गंमत दाखवल्यावर तिनं शेवटपर्यंत खांब मोजले.

दुसरी अडचण पायाखाली होती. ऱ्हाईन तेव्हा पूर्वेकडच्या भिंतीच्या अगदी जवळून वाहत होती आणि काठ कातरत होती. पाया उघडा पडायची वेळ आली. त्यासाठी ओस्नाब्रुकचा बिशप बेन्नो याला बोलावण्यात आलं. हा धर्मगुरू बांधकामातला जाणता होता. त्यानं नदीच्या बाजूला दगडांचा भक्कम बंदोबस्त करून पाया सावरला. दर पावसाळ्यानंतर पुलाचे पायवे तपासत फिरलेल्या बाईला हा माणूस किती जवळचा वाटेल, सांगायला नकोच. श्पायरला आलेल्यांना सम्राटांची नावं सांगितली जातात. बेन्नोचं नावही त्यांच्यासोबत घ्यायला हवं असं माझं ठाम मत आहे.

एकूण लांबी १३४ मीटर. फ्रान्समधलं क्लुनीचं मोठं चर्च याहून मोठं होतं, पण राज्यक्रांतीनंतर ते जवळजवळ सगळं पाडलं गेलं. त्यामुळे रोमानेस्क शैलीतलं, म्हणजे टोकदार गॉथिक कमानी येण्याआधीच्या गोल कमानींच्या काळातलं, जगात उभं असलेलं सर्वांत मोठं चर्च हेच. १९८१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

श्पायरचं चर्चही असंच नाहीसं व्हायचं, ते थोडक्यात टळलं. एकदा नाही, दोनदा. १६८९ साली चौदाव्या लुईच्या फौजांनी माघार घेताना ऱ्हाईनकाठची गावं जाळत नेली. श्पायरच्या लोकांना घरं सोडून जायचा हुकूम झाला. कॅथेड्रल तरी सुरक्षित राहील या भरवशावर त्यांनी आपलं घरसामान आत आणून रचलं: पलंग, कपाटं, पेट्या. मे महिन्याच्या अखेरीस शहर पेटवलं गेलं आणि आग आत शिरली तेव्हा तिला हेच लाकूड मिळालं. मधल्या दालनाची पश्चिमेकडची बाजू कोसळली. वरच्या काही थडग्यांची लूट झाली. खोलवर असलेला कोनराड वाचला. वाचला तो तळघराचा आणि पूर्वेचा भाग. लोकांना परत यायची मुभा मिळेपर्यंत जवळपास दहा वर्षं हे शहर ओसाड होतं. आज श्पायरच्या रस्त्यांवर जी घरं दिसतात ती बहुतेक या आगीनंतरची.

कोसळलेला भाग १७७२ ते १७७८ या काळात पुन्हा बांधला तो फ्रान्झ इग्नाझ मिखाएल नॉयमान यानं. वुर्झबुर्गचा राजवाडा बांधणाऱ्या बाल्थाझार नॉयमानचा हा मुलगा. काळ नक्षीचा, सोनेरी महिरपींचा. त्यानं तसं काही करायचं ठरवलं असतं तर त्याला कोणी नावं ठेवली नसती. पण दालन त्यानं सातशे वर्षांपूर्वीच्या घडणीनं, उरलेल्या भागाशी मिळतंजुळतं उभं केलं. जुना चिरा कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो हे आज चालता चालता सहज कळत नाही. स्वतःच्या काळाची हौस बाजूला ठेवणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं सर्वांत अवघड काम असतं आणि नॉयमाननं ते केलं.

दुसरं संकट क्रांतीनंतरच्या फ्रेंचांचं. १७९४ मध्ये आतल्या सामानाची नासधूस झाली, पुढे इमारत पाडून दगड विकायचं घाटत होतं. माइन्झचा बिशप कोल्मार यानं नेपोलियनकडे रदबदली केली आणि १८०६ मध्ये ते थांबलं. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात बव्हेरियाच्या राजाच्या आश्रयानं योहान श्राउडोल्फनं आतल्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या आणि १८५४ ते १८५८ दरम्यान हाइनरिश ह्युब्श यानं पश्चिमेचा दर्शनी भाग नव्यानं बांधला. चौकातून दिसणारी पट्ट्यापट्ट्यांची ती भिंत ह्युब्शची. मला ती जरा जास्त नटलेली वाटते. १९५७ पासून मोठं जीर्णोद्धाराचं काम झालं, त्यात बहुतेक चित्रं गिलाव्यासह उतरवली. दालनात वरच्या बाजूला मेरीच्या जीवनातले चोवीस प्रसंग तेवढे ठेवले. एका चित्रकाराच्या अनेक वर्षांच्या श्रमांचं काय, असं मनात येतंच. तरी उघडा दगड पाहिल्यावर मला निर्णय योग्य वाटतो. जतन केलेली काही मोठी चित्रं वरच्या मजल्यावरच्या सम्राट-दालनात आहेत, तीही बघावीत.

बाहेर चौकात दगडाचं एक प्रचंड वाडगं आहे, १४९० सालचं. त्यात दीड हजार लिटरहून जास्त वाइन मावते. नवा बिशप आला की तो हे वाडगं भरून देतो आणि गावकरी पितात. ही प्रथा अजून चालू आहे. पूर्वी बिशपच्या हुकमतीची हद्द आणि मुक्त शहराची हद्द याच वाडग्यापाशी मिळत असे. इथून मॅक्सिमिलियान रस्ता नाकासमोर पश्चिमेला जातो, सम्राटांच्या मिरवणुकांचा. शेवटी आल्टप्योर्टेल ही वेस, ५५ मीटर उंच. वाटेत कुठल्याही बेकरीतून ब्रेट्झेल घ्या. मिठाचे खडे लावलेल्या या वेटोळ्या पावाचा इथे जुलैत उत्सवच भरतो. शाकाहारी माणसाला पोटभर होतं. शहराची आणखी एक ओळख म्हणजे, १५२९ च्या राजसभेत धर्मसुधारक ल्युथरच्या बाजूच्या सहा संस्थानिकांनी आणि चौदा शहरांनी आपला जाहीर निषेध नोंदवला तोही याच शहरात. प्रोटेस्टंट हे नाव त्या निषेधावरून पडलं. त्याच्या स्मरणार्थ १९०४ साली पूर्ण झालेल्या चर्चचा मनोरा शंभर मीटरचा आहे. वेळ कमी असेल तर तो दुरून पाहिला तरी चालेल.

वेळ राखून ठेवायचा तो यूडनहोफसाठी. कॅथेड्रलपासून चार पावलांवर ज्यूंची जुनी वस्ती होती. १०८४ मध्ये बिशप र्युडिगर हुत्समान यानं ज्यूंना श्पायरमध्ये सन्मानानं वसवलं, व्यापाराचे आणि आपले न्यायनिवाडे आपण करायचे हक्क दिले. ११०४ मध्ये त्यांचं प्रार्थनामंदिर उभं राहिलं. त्याच्या भिंती आज अवशेषरूपात आहेत. आणि ११२० च्या सुमाराचं स्नानकुंड, मिक्वे, जवळजवळ संपूर्ण शाबूत आहे. धार्मिक शुद्धीसाठी वाहतं किंवा जमिनीतलं जिवंत पाणी लागतं, भांड्यानं आणून ओतलेलं चालत नाही. म्हणून दहा मीटर खोल, भूजलाच्या पातळीपर्यंत खणून दगडात बांधून काढलेलं. जिना, मधे एक दालन, कपडे बदलायची जागा, पुन्हा वळणाचा जिना आणि खाली पाणी. पाणी लागणाऱ्या जमिनीत खणताना बाजू कशा ढासळतात, उपसा करता करता कसा जीव मेटाकुटीला येतो, हे मी अनुभवलेलं आहे. तिथल्या घडीव दगडांचं काम पाहून जाणकार म्हणतात की कॅथेड्रलवर खपणाऱ्या पाथरवटांचेच हात याला लागले असावेत. मलाही तसंच वाटलं.

या वस्तीचा इतिहास सुखाचा नाही. १०९६ मध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी हल्ला केला. बिशप योहाननं बहुतेकांना आसरा देऊन वाचवलं, तरी काही जण मारले गेले. शेजारच्या वोर्म्स आणि माइन्झमध्ये तर शेकडोंची कत्तल झाली. १३४९ मध्ये प्लेगचं खापर ज्यूंवर फोडून श्पायरची वस्ती नष्ट केली गेली. पुढच्या शतकांत माणसं परत आली, पुन्हा हाकलली गेली, पुन्हा आली. एकोणिसाव्या शतकातलं त्यांचं प्रार्थनामंदिर नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी जाळलं आणि ऑक्टोबर १९४० मध्ये इथे उरलेल्या ज्यूंना फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत नेण्यात आलं. दुसऱ्या महायुद्धात श्पायरच्या इमारती मोठ्या प्रमाणात वाचल्या. हे वाक्य तिथल्या माहितीत वाचताना मला ही वस्ती आठवत राहिली. २०११ मध्ये शहरात नवं प्रार्थनामंदिर सुरू झालं. २०२१ मध्ये श्पायर, वोर्म्स आणि माइन्झ या तीन शहरांतली ज्यू स्थळं युनेस्कोच्या यादीत आली, म्हणजे आता या लहान शहरात अशी दोन स्थळं आहेत.

आता जाणाऱ्यांसाठी काही सूचना. कॅथेड्रलमध्ये प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तळघर आणि मनोरा यांना तिकीट आहे. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा हिंडता येत नाही. मनोऱ्यावर ६० मीटरच्या सज्जापर्यंत ३०४ पायऱ्या आहेत. वरून ऱ्हाईन दिसते आणि तांत्रिक संग्रहालयाच्या आवारात खांबांवर चढवून ठेवलेलं एक जंबो जेटही दिसतं. नातवंडं बरोबर असतील तर दुपार तिकडेच जाईल. गुडघे कुरकुरत असतील तर मनोरा सोडून द्या, तळघर आणि मिक्वे मात्र सोडू नका. दोन्हीकडे उतरताना पायरीवर लक्ष ठेवा, मिक्वेचा जिना ओलसर असतो. आणि परतीच्या गाडीआधी अर्धा तास असेल तर कॅथेड्रलला मागून वळसा घालून बागेतून नदीकडे चालत जा. एकोणिसाव्या शतकात ऱ्हाईन सरळ केल्यापासून ती आता थोडी लांब गेली आहे, पण ज्या उंचवट्यावर बेन्नोनं पाया सावरला, तो इकडूनच नीट दिसतो.